गणपतीचा हलता देखावा: सीडी ड्राइव्ह, हार्डडिस्क, फ्लॉपी की नुसता पंखा?

हार्डडिस्क उघडली की माणूस भाळतोच. आत आरशासारखी लख्ख तबकडी, तिच्यावर बगळ्याच्या मानेसारखी झुकलेली बारीक भुजा. बोटानं जरा ढकललं की ती अशी सुळकन फिरते की वाटतं, झालं, आपला देखावा तयार. मीही असाच भाळलो. उंदीरमामांची शेपूट ग्लू गननं त्या भुजेला चिकटवली. चतुर्थीच्या दुपारी शेपूट झकास हलली. संध्याकाळी आरती सुरू झाली आणि ती हळूहळू वाकत गेली. कापूर येईपर्यंत मोदकांच्या ताटात येऊन पडली. आत्या म्हणाली, "मामांना दम धरवेना."

दोष शेपटीचा नव्हता आणि गोंदाचाही नव्हता. हार्डडिस्ककडून मी भलतंच काम करून घेत होतो.

माळ्यावर एखादा मेलेला कॉम्प्युटर पडलाय आणि त्यातून घरच्या गणपतीपुढे काहीतरी हलतं, गमतीचं करायचंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. कामाचे भाग चार: सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्ह, हार्डडिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह आणि कॅबिनेटचा पंखा. चारही मी कधी ना कधी मखरामागे दडवलेत. निवडताना कुठला भाग जास्त भारी ते बघू नका. बाहुली हातात धरा आणि ती कशी हलायला हवी ते हातानंच करून पाहा. मान डोलते सावकाश. पंख फडफडतात झटक्यानं. वारकरी चालतो सरळ रेषेत. समईची ज्योत कशीही हलते. एकच भाग या सगळ्या तऱ्हा करत नाही.

आणखी एक. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, म्हणजे बाहुल्या पुठ्ठ्याच्या, कागदाच्या लगद्याच्या नाहीतर कापडाच्या. त्या थर्माकोलपेक्षा चांगल्याच जड भरतात. जुन्या व्हिडिओंत थर्माकोलचा मोर ज्या मोटारीवर नाचतो, तिच्यावर तुमचा पुठ्ठ्याचा मोर मान टाकून बसेल.

सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह: पहिल्यांदा करणाऱ्यानं हाच घ्यावा

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात एकच वस्तू मिळणार असेल तर ती बंद पडलेला सीडी ड्राइव्ह असावी. कारण साधं आहे. छोटी मोटार नुसती जोडली तर भुंग्यासारखी गरगरते, आणि बाहुलीला हवी असते सावकाश हालचाल. तो वेग उतरवणं हेच या छंदातलं खरं कष्टाचं काम. सीडी ड्राइव्हच्या ट्रेमागे ते कुणीतरी आधीच करून ठेवलंय: मोटार, तिच्यावर रबरी पट्टा, मग पुली, मग दोन-तीन प्लास्टिकचे गिअर.

उघडायला फार लागत नाही. समोरच्या पट्टीवर टाचणीएवढं भोक असतं. त्यात कागदाची क्लिप सरळ करून घातली की ट्रे पुढे सरकतो. खालचे चार स्क्रू काढा, पत्रा काढा, ट्रे ओढून बाजूला ठेवा. ट्रे निघाला की शेवटचा गिअर मोकळा होतो आणि कुठेही न अडता फिरत राहतो. मोटारीच्या दोन टोकांना तारा डागा आणि दोन पेन्सिल सेल जोडा. तीन व्होल्टला तो गिअर अगदी बेताच्या वेगानं फिरतो. अजून हळू हवा असेल तर एकच सेल लावून पाहा.

आता त्या गिअरवर पुठ्ठ्याची चकती चिकटवायची, मध्यापासून पाच मिलिमीटरवर भोक पाडायचं आणि त्यात सायकलच्या स्पोकची तार अडकवायची. तारेचं दुसरं टोक दहा मिलिमीटर वर-खाली होतं. ते उंदराच्या मानेला बांधलं की मान डोलते. जास्त डोलायला हवी? भोक बाहेर सरकवा. प्रोग्रॅम नाही, सर्किट नाही. मोटार अडली की पट्टा घसरतो, हाही फायदाच. माझ्या भाच्यानं उंदराचं मुंडकं धरून ठेवलं होतं, तरी काही जळलं नाही. हार्डडिस्क किंवा फ्लॉपीत असा दयाळूपणा नाही.

दुखणंही त्याच पट्ट्याचं. वर्षानुवर्षं ताणून बसलेला रबर सैल पडतो आणि मोटार फिरली तरी गिअर जागचा हलत नाही. पट्टा चार-पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाकला तर तात्पुरता आवळतो. दहा दिवस निघतात. पुढच्या वर्षी त्याच्यावर विसंबू नका. मोटारीचे ब्रशही झिजतात, तेव्हा दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा पाहुणे आले की खटका दाबा.

त्याच ड्राइव्हमध्ये दुसरी चीज लपलेली असते: लेन्स पुढे-मागे नेणारी मोटार. तिच्या तारा मोजा. दोन असतील तर साधी डीसी मोटार. चार असतील, आणि डीव्हीडी रायटरमध्ये बहुधा चारच असतात, तर ती स्टेपर, म्हणजे पावलापावलानं फिरणारी मोटार. एका फेऱ्यात वीस पावलं, आणि तिच्या मळसूत्राचा आटा साधारण तीन मिलिमीटरचा. म्हणजे एका पावलाला ०.१५ मिलिमीटर. एकूण धाव जेमतेम चार सेंटिमीटर. वारकऱ्याला तेवढ्यात पंढरपूर गाठता येत नाही, पण तरफ लावून ती दुप्पट करता येते, आणि चाल इतकी सावकाश, इतकी गुळगुळीत असते की बघणाऱ्याला मोटारीची शंकाही येत नाही. यासाठी मात्र आर्डुइनो (प्रोग्रॅम घालायचा छोटा बोर्ड) आणि मोटारीला वीज पुरवणारा ड्रायव्हर बोर्ड लागतो. डीआरव्ही८८३३ घ्या, तो पाच व्होल्टवर चालतो. दुकानदार सर्रास ए४९८८ हातात ठेवतो, पण त्याला मोटारीच्या बाजूनं निदान आठ व्होल्ट हवेत. एल२९८एन चालतो, पण दोनेक व्होल्ट स्वतःच खातो आणि पाचातले तीनच मोटारीला पोचतात. यूएलएन२००३ या चार तारांच्या मोटारीला चालतच नाही.

लेझरला हात लावू नका. लेन्सकडे जाणारी वायरची पट्टी कापून टाका, संपला विषय. रायटरमधला सीडीचा किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक.

हार्डडिस्क: देखणी, पण लहरी

हिच्या भुजेच्या मागच्या टोकाला तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं आणि ते दोन जबरदस्त चुंबकांच्या फटीत तरंगत असतं. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रातली अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी ज्यांनी पाहिलीत, त्यांना यातलं मर्म ओळखीचं वाटेल: सेल, चुंबक आणि तारेचं वेटोळं, एवढ्यावर मोटार फिरते. इथं फरक इतकाच की वेटोळं गोल फिरत नाही, अर्ध्या रस्त्यात अडतं. वीज एका दिशेनं सोडली की भुजा डावीकडे, उलट सोडली की उजवीकडे. पल्ला साधारण तीस अंशांचा. गिअर नाही, पट्टा नाही, झिजणारं जवळजवळ काहीच नाही, आणि झटका असा की चिमणीचे पंख खरोखर फडफडल्यासारखे दिसतात. टाळकऱ्याचे हात हलवायला तर याच्यासारखा भाग नाही, कारण भुजा टोकाला आपटते तेव्हा 'टिक' असा आवाजही होतो.

मग माझी शेपूट का पडली? मी दर सेकंदाला रिलेनं (विजेवर चालणाऱ्या खटक्यानं) पाच व्होल्टची दिशा पालटत होतो. भुजा टोकाला पोचायला सेकंदाचा बारीकसा तुकडा पुरतो. उरलेला वेळ ती तिथंच अडून बसते आणि वेटोळ्यातून वीज वाहत राहते. हालचाल शून्य, उष्णता पुरेपूर. त्या उष्णतेनं ग्लू गनचा गोंद मऊ पडला.

उपाय स्वस्त आहे. ५५५ टायमरची चिप (ठराविक वेळानं वीज चालू-बंद करणारी) लावा आणि तिचं आउटपुट सरळ वेटोळ्याला न देता मध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबा, घाला, धन टोक चिपकडे. तो भरताना एक ढकल, रिकामा होताना उलटी ढकल, आणि मधल्या वेळेत वीज बंद. वेटोळं थंड राहतं. गोंद मात्र एम-सीलच वापरा.

पण हे जमायला आधी हार्डडिस्क नीट उघडावी लागते. तिचे स्क्रू षट्कोनी चांदणीचे असतात, बहुधा टी८ आणि टी६. साध्या पेचकसानं खाल्ले तर खाल्ले. एक तरी स्क्रू लेबलच्या खाली दडलेला असतो. झाकण निघेना म्हणून पत्रा वाकवू नका, लेबलवर अंगठा फिरवा, खड्डा लागेल. वेटोळ्याची तार केसाएवढी, वर वार्निश. ते खरवडून डाग द्यायला थरथरता हात चालत नाही. चुंबक सुटे झाले तर एकमेकांवर असे आदळतात की मध्ये सापडलेल्या कातडीवर काळं-निळं उठतं. लहान मुलांच्या हाती ते मुळीच देऊ नका. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी पुष्कळदा काचेची असते. वाकवायला गेलात तर चुरा.

तबकडी फिरवणाऱ्या मोटारीचा मोह सोडा. ती तीन फेजची असते, वेगळा ड्रायव्हर मागते, आणि मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेऱ्यांच्या वेगानं काही फिरवावं असं देवघरात काय असतं? तिचं बेअरिंग मात्र झकास असतं, म्हणून हातानं फिरवायचा पाळणा तिच्यावर उभा करता येतो.

बाकी, उघडण्याआधी आत घरचे फोटो नाहीत ना, ते विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. तो विषय घरात अजून निघतो.

पंखा आणि फ्लॉपी

पंख्याबद्दल फार लिहायला नको. बारा व्होल्टचा ८० मिलिमीटरचा पंखा मोबाईलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर लावला की बहुतेक वेळा फिरतो, आणि आवाज नसतोच. ताकदही नसते. त्याला तार, गिअर, बाहुली काही बांधू नका, नुसता वारा वापरा. वरच्या बाजूला पातळ केशरी रेशमी कापडाचे निमुळते तुकडे बांधा, खालून पिवळा एलईडी. चार पावलांवरून होमकुंड पेटल्यासारखं दिसतं. तारा उलट्या जोडल्या म्हणजे तो उलटा फिरेल असं नाही, आत इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि तो गप्प बसतो. फार तर खराब होतो.

फ्लॉपी ड्राइव्ह घ्या असं मी कुणाला सांगणार नाही, आणि तरी सगळ्यात जास्त हसू त्यानंच आणलंय. मिळायला अवघड, कारण सोनीनं जपानमधली फ्लॉपीची विक्रीही २०११ मध्ये बंद केली. आतल्या हेडची धाव जेमतेम दीड सेंटिमीटर. फायदा एवढाच की मोटारीचा ड्रायव्हर त्याच्याच बोर्डावर असतो. पाच व्होल्ट द्या, ३४ पिनांपैकी १२ नंबरची ग्राउंडला, म्हणजे सप्लायच्या ऋण तारेला जोडा (काही ड्राइव्हना १० नंबरची लागते), १८ नंबरवर दिशा सांगा, २० नंबरवर टिचक्या, म्हणजे विजेचे छोटे झटके द्या. प्रत्येक टिचकीला हेड एक ट्रॅक, म्हणजे एक बारीक पाऊल सरकतं, ट्रॅक एकूण ऐंशी. टिचक्या भराभर दिल्या की तो गुणगुणतो: सेकंदाला ४४० दिल्या की बरोबर तेवढ्याच कंपनांचा सूर. पोलंडच्या पावेल झाद्रोझ्नियाक यांनी याच गुणावर 'फ्लॉपोट्रॉन' उभा केला. त्याच्या २०२२ च्या अवतारात ५१२ फ्लॉपी ड्राइव्ह, १६ हार्डडिस्क आणि ४ स्कॅनर मिळून वाजतात. आमच्याकडे एकच होता. बेडकाच्या पोटात बसवला, पोट दर तीन सेकंदांनी फुगायचं आणि बेडूक घोगऱ्या आवाजात सा-रे-ग-म म्हणायचा. शेजारचे काका दोनदा फक्त तेवढ्यासाठी आले. आरतीच्या वेळी त्याची वायर काढावी लागायची, कारण तो सुरात नसायचा आणि आम्हीही नसायचो.

वीज आणि बाजार

जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वापरायचा मोह होईल. हिरवी तार काळीला टेकवली की तो चालूही होतो, पिवळीत बारा व्होल्ट, लालमध्ये पाच. तरी मखराजवळ, हार-फुलांच्या पाण्याशेजारी तो नको. आणि डबा उघडू तर मुळीच नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जबर व्होल्टेज उरलेलं असतं. मोबाईलचा चार्जर पाच व्होल्टला आणि जुन्या राउटरचा अॅडॉप्टर बारा व्होल्टला पुरतो. अॅडॉप्टरवर छापलेला आकडा वाचून घ्या, सगळे बाराचे नसतात.

पुण्यात असाल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, ड्रायव्हर बोर्ड आणि ५५५ साठी तपकीर गल्ली. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड सांगायला नको. भंगारवाल्याकडे 'चालू ड्राइव्ह' मागू नका, किंमत चढते. बंदच मागा. लेन्स मेलेली असते, ट्रेची मोटार बहुधा ठणठणीत असते. खिशात सरळ केलेली क्लिप ठेवा: भोकात घालून ट्रे पुढे आला आणि हातानं आत-बाहेर करताना गिअरचा दात कुठे चुकला नाही, तर घ्या. शक्य असेल तर एकाच कंपनीचे दोन घ्या, दुसऱ्याचा पट्टा आणि गिअर सुट्या भागांना होतात.

आणि मखर बांधताना मागची बाजू चिकटवून बंद करू नका. हात आत जाईल एवढी जागा सोडा. पट्टा घसरतो तो नेमका हॉलभर पाहुणे बसलेले असताना, आणि तेव्हा गणपती न हलवता, समई न विझवता, आडवं पडून तो परत पुलीवर चढवता आला पाहिजे.