कलम ५ की कलम ४२.७? युरोपात मत देण्यापूर्वी

युरोपात स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर निवडणुकीत हा प्रश्न समोर येतोच: संरक्षणासाठी अमेरिकेसह नाटोवर विसंबायचं, की युरोपीय संघाने स्वतःची फळी उभारायची? संकटात धावून जायचं वचन दोन्हीकडे आहे. ती वचनं आधी शेजारी ठेवून वाचा.

नाटोचं कलम ५ म्हणतं, एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. मात्र मदत कोणती आणि किती, हे ज्याने त्याने ठरवायचं. संघाच्या कलम ४२.७ मध्ये हाती असलेल्या सर्व साधनांनिशी मदतीचं बंधन आहे, म्हणजे कागदावर तेच जास्त कडक. दोन्ही एकेकदाच वापरली गेली: पहिलं २००१ मध्ये अमेरिकेसाठी, दुसरं २०१५ मध्ये फ्रान्ससाठी.

खरा फरक यंत्रणेत आहे. बेल्जियममध्ये मॉन्सजवळ नाटोचं लष्करी मुख्यालय आहे आणि १९५१ च्या आयझेनहॉवरपासून नाटोचा युरोपातला सरसेनापती कायम अमेरिकनच. हवेत इंधन भरणारी विमानं, टेहळणीचे उपग्रह, अण्वस्त्रांची छत्री, सगळ्यांत मोठा वाटा अमेरिकेचा. संघात अण्वस्त्रं एकट्या फ्रान्सकडे. ब्रिटन तर संघाबाहेर. फिनलंड १९९५ पासून संघात होता. रशियाशी त्याची सुमारे १३४० किलोमीटरची सीमा. युक्रेनवर २०२२ मध्ये मोठा हल्ला झाल्यावर त्याला ४२.७ पुरेसं वाटलं नाही, २०२३ मध्ये तो नाटोत गेला. माझ्या लेखी याहून बोलका दाखला नाही.

तरी नाटोच्या वचनालाही हद्द आहे, आणि ती आपण गोव्यात पाहिली आहे. पोर्तुगाल १९४९ पासूनचा संस्थापक सदस्य. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा नाटो त्याच्यासाठी लढायला उतरली नाही. कलम ६ चं संरक्षण मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या अटलांटिक बेटांपुरतं. गोवा त्यात बसतच नव्हता.

पुढचं काय? सिनेटच्या दोन तृतीयांश मतांशिवाय किंवा काँग्रेसच्या कायद्याशिवाय राष्ट्राध्यक्षाला नाटो सोडता येऊ नये, असा कायदा अमेरिकेने २०२३ मध्ये केला. पण सदस्य राहूनही ऐनवेळी फौज न पाठवणं शक्य आहे, आणि मला काळजी वाटते ती त्याची. २०२५ मध्ये हेगला सदस्यांनी २०३५ पर्यंत संरक्षणावर जीडीपीच्या ५ टक्के खर्चाचं उद्दिष्ट ठरवलं.

म्हणून आज माझा कौल नाटोलाच. पण दारात येणाऱ्या उमेदवाराला एवढं विचाराच: त्या ५ टक्क्यांतून इंधनवाहू विमानं आणि उपग्रह युरोप स्वतःचे कधी घेणार?