संत्रा कुठून घ्यायचा : कळमना, थेट करार की शेतकरी कंपनी?

नागपुरात संत्रा बर्फी, रस किंवा जॅमचं युनिट टाकणाऱ्या बहुतेकांना शेतकऱ्यांसाठी काहीतरी करायचं असतं. मग गावात शिबिर होतं, फोटो निघतात. खरी मदत होते ती खरेदीच्या पद्धतीतून, आणि तीच ठरवायची राहून जाते.

कळमना, म्हणजे नागपूरची बाजार समिती, सगळ्यात सोपं. लिलावात उभं राहा, हवा तेवढा माल उचला. पण फळ कोणत्या बागेचं हेच कळत नसेल, तर जमीन सुधारायला मदत करणार कोणाला? पाककृती बसेपर्यंत ठीक आहे.

थेट कराराला अडचण कायद्याची नाही. फळं-भाजीपाला 2016 पासून बाजार समितीच्या आवाराबाहेर विकता येतो. अडचण भाव फिरला की येते. चढला तर व्यापारी रोख घेऊन काटोलच्या धुऱ्यावर उभा राहतो, पडला तर कंपनीला अचानक मालात खोट दिसू लागते. मग कोर्टात जायचं? पेप्सिकोने आपलं नोंदणीकृत बटाट्याचं वाण परवानगीशिवाय लावलं म्हणून गुजरातेतल्या शेतकऱ्यांवर दावे ठोकले, बोंबाबोंब झाल्यावर 2019 मध्ये मागे घेतले. तो वाद भावाचा नव्हता, पण शेतकऱ्याला कोर्टात ओढलं की काय होतं ते दिसलं. छोट्या युनिटला हे परवडणारं नाही. करार करायचाच तर किमान भाव बांधा आणि बाजार वर गेला तर फरकात शेतकऱ्याला वाटा द्या. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो. हा फळातल्याच लिमोनिन या घटकाचा गुण आहे, त्यासाठी शेतकऱ्याचे पैसे कापू नका.

माझा कल शेतकरी उत्पादक कंपनीकडे, म्हणजे शेतकऱ्यांनीच सभासद होऊन काढलेल्या कंपनीकडे आहे. कागदावरच्याही पुष्कळ आहेत, म्हणून आधी गेल्या हंगामाचा हिशेब बघा आणि किती सभासदांनी खरोखर माल घातला ते विचारा. फायदा चुरीत, म्हणजे बारीक फळात आहे. मोठं फळ आपला बाजार शोधतं, बारीक फळ मातीमोल जातं. तुम्हाला गर हवा, रूप नको. चुरीचा भाव आधीच ठरला, तर अख्खा बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला सोडायची घाई कमी होते. इसार देऊन घेतलेल्या बागेत फळगळ झाली की व्यापारी भाव पाडतो, हे नरखेडात कोणालाही विचारा.

जमिनीचं गणित लांबचं आहे. बाग धरायला पाच-सहा वर्षं लागतात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की डिंक्या रोग येतो, झाडं वाळतात, शेवटी कुऱ्हाड चालते. हिंगणा, बुटीबोरीकडे तर पुढची पायरी लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडून विकायचीच. एका हंगामाची खरेदी हे थांबवत नाही. तीन वर्षांची हमी द्या आणि त्यासोबत पाणी काढणारे चर खोदायला, खतासाठी ताग गाडायला, डिंक्यावरच्या बोर्डो पेस्टला पैसे घाला. पेस्ट म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत लावायची. फार मोठा खर्च नाही, पण हातात पैसा नसला की पहिलं हेच राहतं.

जादा टनामागे बोनस मात्र देऊ नका. नरखेड-वरूड पट्ट्यात पाणी आधीच खोल गेलंय, बोनस लागला की आणखी एक बोअर पडतं. द्यायचाच तर ठिबक आणि चरासाठी द्या.

आंबिया बहराच्या संत्र्याची तोडणी ऑक्टोबरनंतर जोर धरते, व्यापारी त्याच्या बरेच आधी बागा फिरतात. बोलणी पोळ्याच्या आत उरका आणि पैसे वजनानंतर किती दिवसांत मिळतील तेही लिहून द्या.