तबस्सुम टॉकीज : किस्से सांगावेत तर असे
१९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्याच वर्षापासून १९९३ पर्यंत ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ या मुलाखतींच्या कार्यक्रमातून तबस्सुम यांनी चित्रपट कलावंतांना थेट आपल्या दिवाणखान्यात आणून बसवले. ज्यांच्या मनात ती आठवण अजून ताजी आहे, त्यांनी यूट्यूबवरील ‘तबस्सुम टॉकीज’ ही वाहिनी अवश्य पाहावी. उतारवयातही कॅमेऱ्याकडे थेट पाहत, मध्येच एखादा शेर पेरत आणि किस्सा ऐन रंगात आला की स्वतःच मनमुराद हसत त्या बोलतात, तेव्हा पाहुण्याला जराही अवघडू न देणारी त्यांची जुनी हातोटी पुन्हा प्रत्ययास येते. १९५१ च्या ‘दीदार’मध्ये नर्गिस यांच्या बालपणीची भूमिका करणाऱ्या या बाईंनी तो काळ आतून पाहिला होता, म्हणूनच त्यांच्या बोलण्यात ऐकीव माहितीचा कोरडेपणा नाही. आजच्या मुलाखतकारांनी हा जिव्हाळा जरूर अभ्यासावा. उणीव एकच, पण मोठी आहे. हे प्रामुख्याने आठवणींचे कथन असल्यामुळे पाहुण्याचा स्वतःचा आवाज, उत्तरापूर्वीचे त्याचे थबकणे, अडचणीच्या प्रश्नावर बदललेला चेहरा येथे मिळत नाही. तबस्सुम २०२२ मध्ये गेल्या. तरीही निवांत दुपारी सलग दोन-तीन भाग पाहावेत, इतका ऐवज येथे नक्कीच आहे.