बोरन्हाण: घरात की हॉलमध्ये?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण कधीही करता येतं. मुंबईत अडतं ते जागेवर. थोरलीचं आम्ही वन-रूम-किचनमध्येच केलं. काळ्या झबल्यात पाटावर बसवलं, दादरहून आणलेले हलव्याचे दागिने घातले, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडताच शेजारची पोरं तुटून पडली. चुरमुरे होळीपर्यंत कपाटाखाली सापडत होते!

धाकट्याचं सोसायटीच्या हॉलमध्ये. झाडलोट नाही, फोटो झकास. पण माईक आणि अनोळखी चेहरे बघून त्याने जे भोकाड पसरलं, ते दागिने उतरवल्यावरच थांबलं.

तान्हं बाळ असेल तर मी घरच म्हणेन. तीन-चार वर्षांचं असेल तर हॉल. लुटायला पळापळ हवीच. बोरं मात्र हळूच सोडा, टाळूला लागतात.