आठ महिने, चार बर्नर आणि अर्धी भुवई

गेल्या ऑक्टोबरमध्ये मेलबर्नच्या घरी चार बर्नरचा गॅस बार्बेक्यू घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रारीतली अर्धी चूक माझीच आहे.

धास्ती होती ती सिलिंडरची. पण इथल्या ९ किलोच्या बाटलीला आता एलसीसी२७ नावाची जोडणी येते. पाना लागत नाही, हातानेच घट्ट करायची आणि नीट बसल्याशिवाय गॅस सुटतच नाही. शेजाऱ्यांची जुनी, उलट्या आट्यांची बाटली म्हणूनच बसली नाही. तरी बाटली बदलली की गळती बघायला जोडावर भांड्यांच्या साबणाचं पाणी लावतो. डिसेंबरात एकदा रेग्युलेटरपाशी कण्यांएवढे बुडबुडे एकामागोमाग येत राहिले. उघड्यावर वास जाणवलाही नव्हता. काढून पुन्हा बसवल्यावर थांबले.

आता माझा पराक्रम. चौथ्या महिन्यात ठिणगीचं बटण बंद पडलं. कंपनीला दोन मेल केले, उत्तर नाही. (पुढे मेव्हण्याने आतला पेन्सिल सेल बदलला आणि ते चालू झालं!) त्या दिवशी पाहुणे आलेले. झाकण बंद, नॉब उघडा, मी टकटक करतोय. मग तसाच आत लायटर शोधायला गेलो. परत येऊन झाकण उचललं, लायटर लावला आणि भप्पकन जाळ वर आला. उजव्या हाताचे केस आणि अर्धी भुवई गेली. एलपीजी हवेपेक्षा जड, बंद खोक्यात साचून बसतो. आता आधी झाकण उघडायचं, मग गॅस. चार-पाच सेकंदांत पेटला नाही तर सगळं बंद करून पाच मिनिटं लांब.

ईस्टरला ट्रेमधल्या चरबीने पेट घेतला. तंदुरी चिकनचं तेल दोन आठवडे साचलेलं, आळस माझा. बायकोने पाण्याचा जग उचललाच होता, मी ओरडलो, चरबीच्या आगीवर पाणी नको! नॉब बंद केले, झाकण लावलं, जाळ आपोआप बसला. ट्रे आता दर वेळी साफ होतो.

उन्हाळ्यात टोटल फायर बॅनच्या, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी असलेल्या दिवशीही आमच्या व्हिक्टोरिया राज्यात घरी गॅसवर भाजता येतं. मात्र घरापासून २० मीटरच्या आत, भोवती तीन मीटर मोकळं, पाण्याचा पाइप किंवा १० लिटर पाणी हाताशी आणि मोठं माणूस कायम जवळ.

जाळी घासायचा तारेचा ब्रश फेकला. कणसावर त्याची एक तार चिकटलेली सापडली, मुलाच्या ताटात. आई घावनाच्या तव्यावर फिरवते तसा काट्याला टोचलेला अर्धा कांदा गरम जाळीवर फिरवतो, काम होतं.

चव? पनीर, कणसं झकास. भरताची वांगी टोचे मारून ठेवली तर छान भाजतात, पण चुलीचा धुरकट वास गॅसवर येत नाही, उगाच आशा ठेवू नका.

सध्या जूनची थंडी आहे. मित्र म्हणाला, गॅरेजमध्ये लाव की. बंद जागेत साचणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे ते नाहीच. जॅकेट घालून अंगणातच भाजतो, वांगी सोलायला मात्र आत येतो.