जुन्या नाण्यांचे ऑनलाइन लिलाव: पवनी तालुक्यातून पैसे भरताना आलेला अनुभव

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. पक्कं बिल देणारं, नाव असलेलं लिलावगृह असेल तर एनईएफटी (बँक खात्यातून थेट खात्यात) करा. विक्रेता अनोळखी असेल तर कार्ड वापरा, तेही लिलावाच्या ॲपमधूनच. थेट मोबाइल नंबरवर यूपीआय फक्त त्यालाच करा, ज्याला तुम्ही डोळे मिटून उसने पैसेही द्याल.

आता सविस्तर. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दिवसभर सातबारे, पीकविमा, धानाची नोंदणी. सायंकाळी शटर अर्धं खाली ओढलं की मी आणि माझी नाणी. शिवराई आहेत, इंग्रजांच्या काळातले चांदीचे रुपये आहेत. नागपूरकर भोसल्यांनी मुघल बादशहा अहमदशाह बहादूरच्या नावानं ओडिशातल्या कटकच्या टांकसाळीत पाडलेला रुपया मला फार दिवसांपासून हवा होता, आणि तो काही आठवडी बाजारात मिळत नाही. म्हणून गेल्या दिवाळीच्या आधीपासून ऑनलाइन बोली लावतोय. दोन लिलावगृहं, एक ॲप आणि व्हॉट्सॲपवरचे संग्राहकांचे ग्रुप. नावं घेणार नाही, कारण मला कोण्या कंपनीबद्दल लिहायचं नाही, पैसे भरण्याबद्दल लिहायचं आहे.

पहिला धक्का बिलाचा. बोली चार हजारांवर थांबली म्हणजे चार हजार द्यायचे, असं नवीन माणसाला वाटतं. प्रत्यक्षात बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचा प्रीमियम म्हणजे त्यांचं कमिशन, त्याच्यावर जीएसटी, मग पोस्टेज आणि पार्सलचा विमा. हे सगळं अटींमध्ये लिहिलेलं असतं, लपवलेलं नसतं. पण लिलावाच्या शेवटच्या मिनिटांत कोणी बोली टाकली की वेळ आपोआप वाढते, बोटं शिवशिवतात, आणि त्या वेळी कोणी टक्केवारी काढत बसत नाही. मी आता बोलीची मर्यादा आधीच सगळं धरून वहीत लिहितो आणि मोबाइल हातात घेण्याआधी ती वही समोर ठेवतो.

लिलावगृहांना एनईएफटी आवडते. मलाही आवडते. १६ डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते, दर अर्ध्या तासाला पैसे पुढे सरकतात. रविवारी रात्री लिलाव संपला तरी सोमवारी शाखा उघडायची वाट पाहावी लागत नाही. तिच्यातली गोम वेगळीच आहे. पैसे खाते क्रमांक पाहून जमा होतात, तुम्ही नाव काय लिहिलं त्यावरून नाही. एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचं खातं खरंच कोणाचं असलं, की नावाखाली तुम्ही लिलावगृह लिहा नाहीतर ग्रामपंचायत लिहा, रक्कम त्याच्याच खात्यात. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसावं अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं होतं. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये ती आली आहे, पण अशा कोपऱ्यात की शोधणाऱ्यालाच सापडावी. सापडल्यापासून मात्र तिच्याशिवाय मी नवीन खातं जोडत नाही.

एनईएफटीचा त्रास पैसे गेल्यानंतर सुरू होतो. शेऱ्यात लॉट क्रमांक (लिलावातल्या त्या नाण्याचा क्रमांक) टाकायचा राहिला तर पलीकडच्या हिशेबनिसाला ही रक्कम कोणाची ते समजत नाही. पैसे भरूनही ‘पेमेंट बाकी आहे’ असे मेल येत राहतात. मग यूटीआर म्हणजे बँकेनं दिलेला व्यवहार क्रमांक पाठवा, स्क्रीनशॉट पाठवा, फोन करा. एका लिलावगृहानं तर मुदत संपत आल्याची ताकीद दिली, तीही रक्कम त्यांच्या खात्यात पडून असताना. पैसा सुरक्षित होता, डोकं तापलं ते तापलंच.

यूपीआय. इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात आणि दोष मात्र भलत्याला देतात. यंत्रणा म्हणून यूपीआयमध्ये मला खोट दिसत नाही. पैसे कापले आणि पोचले नाहीत, तर ते परत येण्याची मुदत रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ठरवून दिलेली आहे: व्यक्तीला पाठवले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत, व्यापाऱ्याला असतील तर पाच दिवसांत, आणि त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. माझे अडकलेले पैसे दरवेळी आपोआप परत आले. जून २०२५ अखेरपासून तर पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसायला पाहिजे, असा नियमच झाला. त्यामुळे ‘कॉइन गॅलरी’ म्हणवणाऱ्याच्या जागी कोण्या भलत्याच माणसाचं नाव दिसलं की तिथेच थांबता येतं.

आमच्याकडची अडचण साधी आहे: टावर भेटत नाही. दुकानात एक काडी, छतावर दोन, आणि गोसेखुर्दच्या कालव्याच्या पाळीवर उभं राहिलं तर पूर्ण. लिलाव रात्री संपणार, लाइन त्याच वेळी जाणार, आणि ओटीपी येणार दहा मिनिटांनी, म्हणजे त्याची मुदत संपल्यावर. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन पाळीवर जाणं बायकोला मान्य नाही, आणि तिचं बरोबर आहे. एकूण मनस्तापातला अर्धाअधिक हाच.

पण नेटवर्कचा त्रास म्हणजे धोका नव्हे. धोका आहे बोली जिंकल्यापासून पार्सल उघडेपर्यंतच्या दिवसांत. त्या दिवसांत पैसे कोणाच्या ताब्यात आहेत, एवढंच मी पाहतो. यूपीआयनं एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर टाकलेले पैसे त्याच क्षणी त्याचे होतात. नाणं आलं नाही, खोटं निघालं, वजनात कमी भरलं, तरी बँकेच्या दृष्टीनं व्यवहार यशस्वी आहे. पिन तुम्हीच टाकला ना?

एका लॉटवर मी हरलो आणि दुसऱ्याच दिवशी मेसेज आला: ‘सर, पहिल्या पार्टीनं माघार घेतली, तुमच्याच बोलीत देतो, आज सायंकाळपर्यंत या नंबरवर टाका.’ फोटो तोच, लॉट क्रमांक तोच, भाषा अगदी अदबीची. लिलावगृहाला फोन लावला तर समजलं की त्या लॉटचे पैसे जिंकणाऱ्यानं केव्हाच भरले होते. मी त्या नाण्यामागे होतो हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत होतं, मेसेजवाल्याला तेवढं पुरलं. हा प्रकार ऑनलाइन लिलावांइतकाच जुना आहे: हरलेल्या माणसाला गाठायचं, कारण त्याची इच्छाही तयार असते आणि रक्कमही.

अशा वेळी लोक म्हणतात, तीन दिवसांत बँकेला कळवलं की पैसे परत मिळतात. अर्धवट माहिती आहे ही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर शून्य जबाबदारी असं आहे खरं, पण ते तुमच्या परवानगीशिवाय तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले त्यासाठी. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, तर तो नियम तुमच्या कामाचा नाही. मग उरतो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक, आणि तिथेही जितका लवकर फोन तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची आशा. दुकानात मी तो क्रमांक जाड अक्षरात लावून ठेवला आहे, शेजारी पॅन कार्डाचे दर.

त्याच भिंतीखाली एक काकाजी आले होते. हातात ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट, प्लास्टिकमध्ये नीट ठेवलेली.

“भाऊ, याचे दोन लाख देतो म्हणते तो. नोंदणीचे अकराशे टाकाचे आहेत फक्त. टाकून दे जी तुया फोनवरून.”

“काकाजी, नोट तुम्ही विकून राहिले ना? मग पैसे त्यानं द्यायचे का तुम्ही?”

“रिझर्व्ह बँकेचं लेटर हाय त्याच्यापाशी.”

लेटर मी पाहिलं. शिक्का, अशोकस्तंभ, सगळं होतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर केलं होतं, ते मी मोबाइलवर काढून वाचून दाखवलं. अकराशेनंतर जीएसटी मागतील, मग विम्याचे, मग सर्टिफिकेटचे, हेही सांगितलं. काकाजी चिडले. “तुले द्याचं नसन तर नको देऊ,” म्हणून निघून गेले. गावात दुसरंही दुकान आहे.

व्हीपीपीबद्दल तरुण संग्राहक हसतात. मी हसत नाही. जुने विक्रेते अजून व्हीपीपीनं पाठवतात: पार्सल गावच्या पोस्टात येतं, पैसे तिथे भरायचे, मग पार्सल हातात. निदान काहीतरी आलं हे तरी नक्की असतं. मात्र पैसे भरल्याशिवाय उघडता येत नाही, आणि नाण्यांच्या बाबतीत खरा प्रश्न उघडल्यावरच सुरू होतो. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया घ्या. दुर्मीळ म्हणून त्याची भरपूर नक्कल होते. दुसऱ्या सालच्या रुपयावरचा आकडा कोरून बदललेला असला, तर चांदीचं नाणं असतं, वजन ११.६६ ग्रॅम बरोबर भरतं, चुंबकाला चिकटत नाही. फरक भिंगाखाली दिसला तर दिसतो, नाहीतर जाणकाराकडे न्यावं लागतं. त्यासाठी चार-आठ दिवस हवेत, आणि त्या दिवसांत पैसे विक्रेत्याकडे गेलेले नकोत.

म्हणजे मध्ये कोणीतरी हवा. ही सोय आपल्याकडे नव्हतीच असं नाही. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट विकत घेऊन अमेरिकेतलं ईबे भारतात उतरलं, तेव्हा पैसापे होतं, खरेदीदाराचे पैसे आधी मध्यस्थाकडे जायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं दुकान बंद झालं. १ एप्रिल २०२१ पासून पेपाल या ऑनलाइन पेमेंट कंपनीनंही देशांतर्गत व्यवहार थांबवले. मी वापरतो त्या ॲपमध्ये पार्सल मिळाल्यानंतर थोडे दिवस पैसे अडवून ठेवण्याची सोय आहे. विक्रेते म्हणूनच कुरकुरतात आणि ‘बाहेरून करा ना सर, प्रीमियम वाचेल’ असं सुचवतात. वाचतो तो प्रीमियम, आणि जातं ते संरक्षण. मी प्रीमियम देतो.

कार्डाचं सांगायचं राहिलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन किंवा बदलून मिळालेल्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार मुळात बंदच असतात, ते ॲपमधून चालू करून मर्यादा ठरवावी लागते. लिलाव संपला की मी पुन्हा बंद करतो. कार्डाचा खरा फायदा वस्तू न आल्यास. माझं एक पार्सल आलंच नाही. विक्रेता आधी ‘कुरियरवाल्याला विचारा’ म्हणाला, मग फोन उचलेना. शाखेतल्या साहेबांना चार्जबॅकचा, म्हणजे कार्डानं भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याचा, फॉर्मच माहीत नव्हता, मीच त्यांना बँकेच्या संकेतस्थळावरून प्रिंट काढून दिली, प्रिंटचे पैसे घेतले नाहीत. सोबत लॉटच्या पानाचा स्क्रीनशॉट, बिल, मेसेज आणि अर्ध्या वाटेत थांबलेलं ट्रॅकिंग. पैसे परत यायला आठवडे लागले, पण आले. तीस दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची तयारी करून ठेवली होती, ती वेळ आली नाही.

एक गंमत. काही पार्सलं आता ओटीपी सांगितल्यावरच हातात मिळतात. दिवसभर मी दुकानात लोकांना ओरडून सांगतो, ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. आणि पोस्टमनभाऊ सगळ्यांसमोर दारात उभे राहून म्हणतात, “ओटीपी सांगा जी लवकर, मले धानोरीले जायचं हाय.” आता दुकानातल्या लोकांना समजावतो की पैशाचा ओटीपी वेगळा, पार्सलचा वेगळा, मेसेज पूर्ण वाचा. किती जणांना पटतं देव जाणे.

डिपॉझिटबद्दल एवढंच: मोठी बोली लावायची तर आधी रक्कम ठेवावी लागते, ती परत मिळते, पण स्वतः मागितल्यावर. ती रक्कम महिनोन्‌महिने तिथे बसली तर व्याज तुम्हाला नाही.

परदेशी लिलावांचं बरेच जण विचारतात. तिथे भोसल्यांचे रुपये दिसतात आणि कधीकधी इथल्यापेक्षा स्वस्त दिसतात. पण बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप (चलन बदलण्याचं जादा शुल्क), त्यावर जीएसटी, परदेशी पोस्टेज आणि कस्टम्स धरलं की तो स्वस्तपणा बराच आटतो. शिवाय तिकडच्या कित्येक साइट ओटीपी न मागताच कार्डातून रक्कम उचलतात, त्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यवहार मी कार्डावर बंदच ठेवले आहेत. कटकचा रुपया पुढच्या देशी लिलावाच्या यादीत आहे. डिपॉझिट भरलंय, वहीत मर्यादा लिहून झाली आहे.