बीजिंगचा नाशपातीचा पाक: कोरड्या शरदासाठी

बीजिंगमध्ये सप्टेंबर सरत आला की उन्हाळी पावसाचा दमटपणा ओसरतो, उत्तरेकडचे कोरडे वारे वाहू लागतात आणि १५ नोव्हेंबरला शहराचे सामायिक हीटिंग सुरू झाल्यावर घरातली हवासुद्धा घसा ओढू लागते. आयुर्वेदात शरद हा पित्तप्रकोपाचा ऋतू आहे आणि ऑक्टोबरमधले आपले ऊन पाहता ते पटते. पारंपरिक चिनी वैद्यक मात्र शरदाचा संबंध फुप्फुसांशी जोडते आणि कोरडेपणा हा या ऋतूचा मुख्य उपद्रव मानते. नाशपाती, लिलीचे कंद आणि मध हे त्यावरचे नेहमीचे उपाय आहेत. छ्यूलीगाव, म्हणजे शरदातल्या नाशपातीचा पाक, याच विचारातून आलेला आहे.

मी घेतलेली बरणी तिथल्या एका लहानशा दुकानातली आहे. पाक काळपट तांबूस असून काकवीसारखा दाट आहे, आणि चमचा तिरपा केला तरी तो सावकाशच ओघळतो. किसलेल्या नाशपातीचा रस लाल चिनी बोरे, आले आणि खडीसाखर घालून मंद आचेवर आटवतात, तो गाळून पुन्हा आटवतात आणि निवल्यावर त्यात मध मिसळतात. चिनी वैद्यकाच्या दृष्टीने नाशपाती थंड प्रकृतीची असल्यामुळे आले आणि बोरे तिचा थंडपणा सावरतात. मला या पाकातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच वाटते, कारण कोमट पाण्यात एक चमचा ढवळून प्यायल्यावर आधी फळाचा गोडवा लागतो आणि आल्याची हलकी ऊब मागाहून घशात उतरते. खवखव काही काळ निश्चित शमते, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी. त्याचे बरेचसे श्रेय मधाला द्यावे लागेल, कारण मधामुळे मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो असे वैद्यकीय चाचण्यांमध्येही दिसून आले आहे.

खरेदी करताना लेबल अवश्य वाचावे. चीनमध्ये खाद्यपदार्थांवरील घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणून नाशपातीच्या आधी साखरेचे नाव असेल तर ती बरणी परत ठेवावी. लिलीचे कंद आणि छ्वानबेई हा महागडा पहाडी कंद घातलेले औषधी प्रकारही मिळतात. त्यांच्यावर औषध परवाना क्रमांक असतो आणि ते वैद्याला विचारूनच घ्यावेत.

पाक अतिशय गोड आहे, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी तो टाळावा, आणि मध असल्यामुळे एक वर्षाखालील बाळाला तो मुळीच देऊ नये. कफाचा ओला खोकला किंवा पोट ढिले असताना चिनी वैद्यही तो घेऊ देत नाहीत. ताप असेल किंवा खोकला आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर पाकावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. या मर्यादा सांभाळणाऱ्या, कोरड्या हवेच्या गावी राहणाऱ्या कोणालाही मी ही बरणी मनापासून सुचवीन; फक्त चमचा कोरडा वापरावा आणि उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवावी.